फेसाची फवारणी

रजतनं पंपाचा दांडा खालीवर करून बाटलीत हवा भरली आणि तोटी गाडीच्या टपावर धरली. फुस्स करून पांढरा फेस उडाला. गाडी सेकंडहँड, पण रजतचा थाट काल शोरूममधून आणल्यासारखा. बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत आजवर सगळ्यांचं बादली आणि फडक्यावर भागत होतं, त्यामुळे कुणी बघतंय का, हेही तो मधूनमधून बघून घेत होता. हौसेला मोल नसतं.

बघत होती ती त्याची आई. जयवंताबाई तळेगावहून चार दिवसांसाठी मुलाकडे आली होती आणि अंगणात सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. पंपाचा आवाज ऐकला आणि तिचे हात थांबले. तिनं सूप आत नेऊन ठेवलं, पाण्याच्या ड्रमवर झाकण टाकलं, दोरीवरचे कपडे ओढून काढले. मग वारा कुठून येतोय ते बघायला तोंड वर केलं.

"असा पलीकडून उभा राय," ती म्हणाली. "वारा तुह्या तोंडावर येऊन राह्यला. अन् तोंडाले काऊन काई बांधलं नाई?"

रजत हसला. त्यानं थोडा फेस तळहातावर घेऊन आईच्या नाकाशी धरला. शाम्पू आहे, लिंबाचा वास येतो बघ, असं तिला समजावलं. जयवंताबाईला ते कळत होतंच. शाम्पू कोणता आणि फवारणीचं औषध कोणतं, हे जन्मभर शेतात राबलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. तरी ती घरात गेली आणि सुनेचा सुती दुपट्टा घेऊन आली. रजतचं हसू मावळलं. त्यानं मुकाट्यानं मान खाली केली आणि आईला नाकातोंडावरून दुपट्टा बांधू दिला. दोन गाठी तिनं मागून करकचून मारल्या.

समोरच्या घरातल्या बंडूजींनी ते ध्यान बघितलं आणि गाडी धुता की दरोडा घालायला निघाले, म्हणून विचारलं. बंडूजी गल्लीत नवे होते. रजतचा मोठा भाऊ रोशन दोन वर्षांमागं पोळ्यानंतर कपाशीवर फवारणी करून घरी आला आणि त्याच रात्री गेला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रजतनं नुसता हात हलवला आणि दारांवर फेस मारत राहिला. आता त्यात मजा उरली नव्हती. नवं खेळणं लवकर संपावं, एवढंच त्याला वाटत होतं.

गाडी धुऊन झाली तशी आईनं त्याला थेट न्हाणीत पाठवलं. साबण दोनदा लाव म्हणाली. अंगावरचे कपडे तिनं बाकीच्या कपड्यांत मिसळू दिले नाहीत, वेगळ्या बादलीत घेऊन स्वतः धुतले. सुनेला, अपेक्षाला, हे सगळं बघून वाईट वाटत होतं आणि थोडा रागही येत होता. आठवड्यातून एक सुट्टी मिळते नवऱ्याला, तीही अशी जावी.

जेवण झाल्यावर रजत खाटेवर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच आईचा हात खांद्यावर.

"झोपला का रे?"

"नाई माय."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. डोकं जड वाटतं का, मळमळतं का, हेही तिनं विचारून घेतलं. चौथ्यांदा ती खाटेशी आली तेव्हा अपेक्षाला राहवलं नाही.

"आई, झोपू द्या नं त्याईले. थकले असतीन."

जयवंताबाईचा हात तसाच अधांतरी राहिला.

अपेक्षाचं काही चुकलं नव्हतं. कुणीही हेच म्हणालं असतं. त्या दिवशी रोशन असाच जेवून पडला होता. शेजारचा धर्मेंद्र त्याला हाक मारत आला, तेव्हा झोपू दे त्याला, थकला असेल, असं म्हणून जयवंताबाईनंच त्याला दारातून परत पाठवलं होतं. दिवेलागणीला तिनं हलवलं तर लेकाच्या तोंडाशी फेस होता. तेव्हापासून घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. दोष देणारी ती एकटीच होती, आणि तिच्यापुढं कुणाचं काही चालत नव्हतं.

अपेक्षाच्या ते ध्यानात आलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. ती ओशाळून उभी राहिली.

रजत उठला. उशी भिंतीला टेकवून ताठ बसला.

"मी झोपतच नाई माय," तो म्हणाला. "तू पड थोडी. मी जागा हाय."

जयवंताबाई खाटेजवळ चटईवर कलंडली. डोळे मिटूनच ती विचारायची, "रजत?" आणि तो म्हणायचा, "हो." मग जरा वेळानं, "रजत?" "हो." असं बरंच चाललं. हळूहळू हाकांतलं अंतर वाढत गेलं, आणि मग हाक आली नाही. तिचा श्वास संथ झाला.

झोपल्या आता, तुम्हीही पडा, असं अपेक्षानं खुणेनं सांगितलं. रजत हलला नाही. चटईकडे बघत तो तसाच बसून राहिला. आणि थोड्या वेळानं, कुणी हाक मारलेली नसताना, हलक्या आवाजात म्हणाला, "हो माय. जागा हाय."