मे महिन्यानंतर

कॉलेजच्या प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढताना लेनर्ड घसरला आणि नेमका दुखऱ्या गुडघ्यावर आपटला. डेरेकनं त्याला काखेत हात घालून उठवलं आणि बॉयलरच्या खोलीत आणून बसवलं.

डेरेक कॉलेजच्या देखभाल खात्याचा मुकादम. गेल्या पानगळीत नवाच आलेला, वयानं लेनर्डच्या निम्मा.

"लेन, ऑपरेशन करून टाका आता."

"मे महिन्यानंतर."

"तोवर चालणार कशावर?"

"मे महिन्यात क्लेअर पदवी घेते. वरच्यांना आपल्यातला एक माणूस कमी करायचाच आहे. मी रजेवर गेलो की तो मीच. मग तिच्या फीचं काय?"

सेंट ओडिलिया कॉलेजात नोकरांच्या घरच्या माणसाला फी माफ होती. एरवी वर्षाची फी म्हणजे एक कोरी पिकअप गाडी. पत्रकातला आकडा पाहून गावातले लोक आधी चष्मा पुसत. म्हणून तर, लोक निवृत्त होऊन हौसेनं मासेमारीला निघतात त्या वयात लेनर्डनं इथलं फावडं हातात घेतलं होतं.

क्लेअरला डेरेकनं नीट पाहिलेलं नव्हतं. सकाळी लेनर्डच्या गाडीतून कुणीतरी लोकरी टोपी कानांवर ओढून उतरे आणि तरातरा ग्रंथालयाकडे जाई, तेवढंच.

"जेवायला तिच्याबरोबर का नाही बसत तुम्ही?"

"सक्त मनाई आहे. मैत्रिणी असतात तिच्या."

"शिकते काय?"

"इतिहास. शिवाय तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र, ते इथं कुणालाच चुकत नाही. परवा जेवताना विचारते, माणसाला इच्छास्वातंत्र्य असतं का. म्हटलं, या घरात तरी नाही."

डेरेक हसला. "पण इतिहासावर नोकरी कुठली मिळणार?"

"तिला नोकरी करायचीच नाही."

"डोक्यावर चढवून ठेवलंय तुम्ही."

"मी कसला चढवतो? आली ती तिथंच येऊन बसली."

"मुलं किती तुम्हाला?"

"पाच. सगळ्यांना शिकवण्यात शेत गेलं."

"मला दोन मुली आहेत," डेरेक म्हणाला. "फी भरीन, पण त्यांच्यासाठी असा आपटणार नाही."

"आपटशील. विचारून थोडंच आपटतात?"

दुसऱ्या दिवसापासून पायऱ्यांवरचा बर्फ डेरेक स्वतः काढू लागला. लेनर्डला त्यानं बॉयलरचा काटा बघायला बसवलं. वर कुणी विचारलं की सांगे, काटा फार बेभरवशाचा झालाय, माणूस हवाच. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून, चर्चच्या हॉलमधून तळलेले मासे दोघांपुरते घेऊन येई. त्या बदल्यात लेनर्ड पत्र्याच्या डब्यातून बिस्किटं आणी.

"क्लेअरनं दिलीत. तुझ्यासाठी."

"पोरीच्या हाताला चव आहे."

"सांगतो तिला. दिवसभर हवेत राहील."

एप्रिलात एके दिवशी लेनर्ड आपणहून बोलला.

"कॉलेज सोडते म्हणत होती. माझा गुडघा बघवत नाही म्हणे."

"मग?"

"म्हटलं, तू सोडलंस तर मी जेवण सोडीन. सोडलंही एक दिवस. तिनं माझ्यासमोर बसून खुशाल माझ्या वाटणीचं खाल्लं, आणि मग वही उघडली."

मे महिन्यात हिरवळीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. लेनर्डला पाय लांब करता यावा म्हणून डेरेकनं रांगेतली कडेची खुर्ची धरून ठेवली आणि स्वतः शेजारी बसला. लेनर्डनं टाय बांधला होता. तो त्याला काचत होता. कॉलेज चालवणाऱ्या जोगिणींपैकी एक सिस्टर नावं वाचू लागल्या. काळे झगे एकेक करून मंचावर चढू लागले.

"क्लेअर हॉफनर."

लेनर्ड काठीवर रेटा देऊन उभा राहिला. डेरेक मान उंचावून त्या घोळक्यात कुठली ती पोर, ते शोधू लागला. तेवढ्यात मागची अख्खी रांग उठली. लेनर्डचंच नाक घेऊन जन्मलेली, केस पिकायला लागलेली पाच माणसं, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात फुलं, आणि पाचही जणं एका आवाजात मंचाकडे बघून ओरडली, "आई!"