खांद्यावरची ऊब

भिंतींतली ओल शोधून देणारी बाई दुपारी काकांच्या घरी आली. बायको गेल्यापासून काका एकटेच होते. आता घर विकून लेकीकडे राहायला जायचं चाललं होतं.

तिने उष्णता दाखवणारा कॅमेरा सुरू केला. पडद्यावर गार भिंती निळ्या दिसल्या आणि खुर्चीतले काका केशरी. त्यांच्या उजव्या खांद्यावर मात्र तापलेला, पांढराफटक डाग होता. तिने काच पुसली. डागाला पाच बोटं होती.

"काका, खांदा शेकलात का आत्ता?"

"छे गं! आता कोण शेकून देतंय?" काका हसले आणि भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघू लागले.

कॅमेरा बाजूला करून तिने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. खांद्यावर जुन्या सदऱ्याशिवाय काहीच नव्हतं. कॅमेरा पुन्हा उचलायची छाती होईना, तरी तिने उचललाच.

पडद्यावर तो हात काकांना हळूहळू थोपटत होता.

"काय गं, अशी काय बघतेस?" काकांनी विचारलं. "काही सापडलं का?"

ती बोलायला तोंड उघडणार, तोच थोपटणं थांबलं. हात खांद्यावरून उचलला गेला, तिच्याकडे वळला आणि सावकाश, विनवणी केल्यासारखा, 'सांगू नको' म्हणून हलू लागला.