एका हुकमावरची दोन नावं

उषाबाई कोरडा ओढा ओलांडून आली तेव्हा रखमाजी अलीकडच्या काठावर बाभळीखाली बसला होता. एक्याऐंशी सालचा एप्रिल संपत आला होता. पलीकडचा काठ औरंगाबाद जिल्ह्याचा, अलीकडचा परभणीचा. रखमाजी औरंगाबाद जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार होता. म्हणून वर्षभर तो अलीकडच्या पिंपळवाडीत बहिणीकडे राहत होता आणि बायको दर आठवड्याला अशी भेटून जात होती.

"बेबीनंदाची तारीख निघाली," ती म्हणाली. "चौदा मे. पोरगी म्हन्ती, बापाबिगर मी मांडवात उभी राहनार न्हाई."

रखमाजी काटकीनं वाळू उकरत राहिला.

"या की गपचूप. अक्षता टाका अन् निघा. तो शिवाजी न्हाई का गावात बिनघोर फिरून राह्यला? काल चावडीपुढं पोलिसाला चहा पाजत बसल्ता."

"त्यो पाटलाचा पुतन्या हाये. मला धरलं तं बेड्या मांडवात पडतील. व्याह्याच्या डोळ्यापुढं."

ती पदर सावरून उठली आणि आली तशी निघून गेली.

तडीपारीचा हुकूम एकच होता आणि त्यावर नावं दोन होती. पाटलाचा पुतण्या शिवाजी यानं भर बाजारात लालमियाँ बांगडीवाल्याचा हात काठीनं मोडला. दुकान वाटेत मांडलं एवढंच त्या म्हाताऱ्याचं चुकलं. रखमाजीनं मध्ये पडून काठी हिसकावली आणि चौकीत जाऊन पाहिलं ते सांगितलं. बाजारातल्या बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले होते. पोलिसांनी लिहिलं, दोन टोळ्यांची मारामारी. प्रांतसाहेबांनी दोघांनाही सारखीच शिक्षा दिली, आणि असा निःपक्षपाती साहेब होणे नाही, असं पाटील चारचौघांत सांगत सुटला.

रखमाजी त्याच दिवशी गाव सोडून गेला. शिवाजी एक दिवसही हलला नाही. नुसतं आठवलं तरी रखमाजीला शिसारी येई. पण हा पडला नाकासमोर चालणारा माणूस. दर सोमवारी आष्टीच्या चौकीत जाऊन हजेरीची सही करायचा. तिथला कचरू जमादार त्याला बसायला कधी सांगत नसे.

एक मेला जालना हा नवा जिल्हा झाला. आष्टीच्या बाजारात गुलाल उडाला. संध्याकाळी बहीण गिरिजाबाई पेढा घेऊन आली आणि त्याच्या तोंडात घातला. "अंबड बी जालन्यात, आपलं परतूर बी जालन्यात. माजं माहेर अन् सासर एका जिल्ह्यात आलं बघ, दादा."

रखमाजीच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. पेढा गिळून तो तडक चौकीत गेला.

"हुकमात औरंगाबाद जिल्हा लिव्हलंय," तो जमादाराला म्हणाला. "माजं गाव तं आता औरंगाबादेत ऱ्हायलं न्हाई. मंग मी जाऊ का घरी?"

जमादारानं तंबाखू मळता मळता विचार केला. "बराबर हाये तुजं. जा की."

"लिहून द्या."

"मी कोन लिहून देनार? अर्ज कर साहेबाला."

रखमाजीनं मास्तराकडून अर्ज लिहवून घेतला. नाव, हुकमाचा नंबर आणि सध्याचा राहण्याचा पत्ता नीट घातला. मुलीचं लग्न चौदा तारखेला आहे, तरी कायद्यानं घरी जाता येईल की नाही ते कळवावं, अशी विनंती केली. अर्ज स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

आठव्या दिवशी पलीकडून ताशांचा आवाज आला. उषाबाई धापा टाकत ओढ्यावर आली. पाटलानं पुतण्यासाठी असाच अर्ज केला होता आणि साहेबांचं उत्तर तीन दिवसांत आलं होतं. हुकूम औरंगाबाद जिल्ह्यापुरता, गाव आता त्या जिल्ह्यात नाही, सबब शिवाजी मोकळा. गावानं त्याला हार घातले होते. ज्यांच्या डोळ्यांदेखत लालमियाँचा हात मोडला, तेही हार घेऊन रांगेत होते. ऐकून रखमाजी ओढ्यात पचकन थुंकला.

मग तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा शिवाजीच्या नावानं त्याला बरं वाटलं.

"अगं, हुकूम एकच हाये," तो म्हणाला. "त्याला लागू तं मला बी लागू. माजा कागद येऊनच राह्यला आसंल. पोरीला सांग, बाप येतो."

त्यानं धोतरजोडी धुऊन घेतली. गिरिजाबाईनं पेटीतला गुलाबी फेटा काढून दिला. बारा तारीख गेली. कागद आल्याशिवाय ओढा ओलांडायचा नाही, यावर तो अडून बसला. गिरिजाबाई चिडली, पण तिला माहीत होतं, दादा ऐकायचा नाही.

तेरा तारखेला सकाळी कचरू जमादार दोन शिपाई घेऊन अंगणात आला. त्याच्या हातात साहेबांच्या सहीचा कागद होता. रखमाजी फेटा बांधूनच बसला होता. त्यानं जमादारासाठी घोंगडी अंथरली आणि बहिणीला गूळ आणायला सांगितलं.

"वाचा, जमादारसाहेब," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा. हिला बी ऐकू द्या."

जमादार घोंगडीवर बसला नाही. त्यानं घसा खाकरला आणि कागदावर नजर ठेवून वाचायला लागला. "अर्जदाराचे मूळ गाव नवीन जालना जिल्ह्यात गेले असल्याने त्याच्यापुरता हद्दपारीचा हुकूम यापुढे जालना जिल्ह्यास लागू समजावा. परतूर तालुकाही दिनांक एक मेपासून जालना जिल्ह्यात आला आहे. सबब, सदर इसम त्या तारखेपासून मौजे पिंपळवाडी येथे बहिणीच्या घरी हुकूम मोडून राहत असल्याचे त्याच्याच अर्जावरून सिद्ध होत असून, त्यास आहे तेथून अटक करावी."