नमुन्याची फिल्म

पडद्यावर स्पष्ट असे दोन हातच दिसत होते, रबरी मोजे घातलेले, सलाइनची सुई धरलेले. मुलीचा आणि रोग्याचा चेहरा मुद्दाम पुसट केला होता आणि आवाजही बंद होता. प्रात्यक्षिक परीक्षेआधी सगळ्या परीक्षकांनी जुन्या परीक्षेची अशी एक फिल्म बघायची, आपापला निकाल लिहायचा आणि मग एकमेकांशी ताडून पाहायचा, असा नियम होता. एकाच कामाला या टेबलावर पास आणि शेजारच्या टेबलावर नापास, हा सावळागोंधळ नको म्हणून.

फिल्ममधल्या रोग्याने हात मागे घेतला. मुलीने सुई खाली ठेवली आणि बसून राहिली. विद्यार्थी ज्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत, त्या डॉक्टरबाईंचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे होतं. सुई शेवटी लागली, झकास लागली, पण वेळ संपल्यावर. बाईंनी ठसठशीत अक्षरात 'नापास' लिहिलं.

निकाल ताडले तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. बाहेर जिन्यावर मुलं नखं खात उभी होती, आणि वेळ चुकली की सरसकट नापास करायचं का, हेच इथे ठरेना. बाईंनी ठासून सांगितलं की करायचंच. इथे रेंगाळणारी मुलगी उद्या अपघात विभागात काय दिवे लावणार? प्रमुखांना ते जवळजवळ पटलंही.

"घड्याळाचं काय घेऊन बसलात?" शेजारचे म्हातारे सर म्हणाले. त्यांनी 'पास' लिहिलं होतं. "रोगी घाबरला, ती थांबली. आपल्याला दुसरं काय शिकवायचं असतं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच सरांनी एके काळी, बाई विद्यार्थिनी असताना, त्यांची वेळ चुकली म्हणून त्यांना नापास केलं होतं. मान वर न करता म्हणाले होते, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. आख्खं वर्ष गेलं. मैत्रिणी पुढे निघून गेल्या, आणि आत्या भेटेल तेव्हा सगळ्यांसमोर विचारायची, 'यंदा तरी होशील ना गं?' तेव्हापासून बाईंनी वेळ कधी चुकवली नाही आणि कुणाला चुकवूही दिली नाही. सरांना मात्र यातलं काहीच आठवत नव्हतं.

प्रमुख म्हणाले, पुन्हा एकदा बघू, या वेळी आवाजासकट.

"आजोबा, घ्या हात मागे," पडद्यावरची मुलगी सांगत होती. "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच टोचीन. मला काही घाई नाही."

आवाज कोवळा होता, पण बाईंचा स्वतःचाच. त्यांना ते आजोबा आठवले, दाढीच्या पांढऱ्या खुंटांचे, भेदरलेल्या डोळ्यांचे. वेळ चुकलेली तेवढी बाईंच्या लक्षात राहिली होती. आपण कुणाला 'मला घाई नाही' असं म्हणालो होतो, हे त्या साफ विसरल्या होत्या. त्यांना भरून आलं. त्या मुलीला जवळ घ्यावं असं वाटलं.

"हिला त्या वर्षी नापास केलं होतं," प्रमुखांनी माहिती पुरवली.

सर हळहळले. "अशा पोरीला? कोण होता हो परीक्षक?"

उत्तर इतकी वर्षं बाईंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं. थकलेला, खरोखर कळवळलेला चेहरा होता तो. मग त्यांनी आपल्या पुढ्यातला कागद ओढला आणि 'नापास'वर आडवी रेघ मारली.

"असेल माझ्यासारखंच कुणीतरी, सर."