साबणाची रेघ

लाल मातीचा डोंगर. खिडकीची चौकट. गोळ्यांच्या पाकिटाची चकचकीत पाठ. विमानाचा पंख. अंगाच्या साबणाची झिजलेली वडी. भोक पडलेलं झाकण.

झाकण सरावापुरतं होतं. खरं काम वॉकरचं; धातू दोन्हींचा एकच. त्याचा एक पाय आत वाकला होता, आणि आज चार वाजता लोहाराची बायको खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कोपऱ्यापर्यंत चालत जाणार होती. नवा वॉकर यायला आठवडा लागला असता. "आठवडा कशाला? चाळीस वर्षं मी काय माश्या मारल्या?" म्हणत लोहाराने बाह्या सरसावल्या होत्या.

लाल झालं की वाकवायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. झाकणाला ज्योत लावून तो लाल रंगाची वाट बघत बसला. रंग आलाच नाही. झाकण पांढरं ते पांढरंच राहिलं आणि बघता बघता मधोमध गळून पडलं.

"माझं झाकण!" बायको स्टुलावरून ओरडली. अॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात तिची वीस वर्षं गेली होती.

"आधी सांगायचंस ना!"

"माश्या मारणाऱ्याला मी काय सांगणार?"

लोहार हसला नाही. त्याने ज्योत बंद केली. तीन वाजले होते. वॉकरला हात लावायचा त्याला धीर होईना. "राहू दे. पुढच्या आठवड्यात जाऊ."

"अहो, लाल मातीतून काढतात हे अॅल्युमिनियम. सगळी लाली तिथंच ठेवून येतं. तुमच्या लोखंडासारखं लाजायचं नाही. वितळेपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही."

"मग कळायचं कसं?"

"साबण आणा."

वॉकरच्या पायाच्या पोकळ पाइपमध्ये, तो पिचू नये म्हणून, तिने वाळू ठासून घ्यायला लावली. वाकलेल्या जागी स्वतः साबणाची रेघ ओढली. "ही काळी झाली की थांबायचं. लगेच."

रेघ पिवळी झाली. तपकिरी झाली. काळी पडली.

"बस!" ती म्हणाली, पण ज्योत आधीच बाजूला झाली होती. जाड हातमोज्यांनी त्याने हलकेच दाबलं. हातोडीला हात न लावता पाय सरळ झाला.

"आता मऊ पडलाय तो. वाळू काढा, आत लाकडाची दांडी बसवा."

"होय, साहेब."

चार वाजून दहा मिनिटांनी दोघं रस्त्यावर होती. वॉकर टकटक करत पुढे, लोहाराचा हात तिच्या कोपराखाली, असावा म्हणून.

"दाराला आपटून वाकला म्हणालीस ना? दारावर तर ओरखडाही नाही."

"समोर बघून चाला. पडाल."

कोपरा आला. ती थांबली नाही, पुढच्या दिव्याच्या खांबाकडे निघाली.

वाकला होता तो मंगळवारी. दुपारी वॉकर पायऱ्यांवरून एकटाच गडगडला, तेव्हा ती त्याच्याशिवाय पाच पावलं चालून खिडकीशी उभी होती.