रस्ता राहून जाईल

"नको. गाडीत बसलो तर रस्ता राहून जाईल," सायकलवाला म्हणाला.

प्रोकोपीने ट्रकच्या खिडकीतून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. साठीचा माणूस. ओठ निळे पडलेले, दाढीत बर्फाचे खडे. वरून पाऊस आणि बर्फ एकदमच कोसळत होतं, आणि कोलिमाच्या त्या ओसाड, थंड मुलखातल्या रस्त्यावर खिंडीपलीकडच्या पोलीस नाक्यापर्यंत एक घर नव्हतं. अशा ठिकाणी हा म्हणतो, रस्ता राहून जाईल! माणूस वेडा तरी असावा, नाहीतर फार शहाणा.

"काका, रस्ता कुठे पळून जात नाही. तुम्हीच जाल," प्रोकोपी म्हणाला.

सायकलवाल्याने हसायचा प्रयत्न केला, पॅडलवर पाय ठेवला आणि सायकलसकट आडवा झाला.

शहाणा असण्याचीच शंका प्रोकोपीला जास्त होती. मघाशी वरच्या घाटात टायर बदलताना त्याने या माणसाला खाली दरीतल्या रस्त्यावर पाहिलं होतं. प्रत्येक वळणावर हा उतरायचा, रस्त्याच्या कडेला वाकायचा. हात मातीत, हात पिशवीत. पुन्हा पुढचं वळण, पुन्हा तेच. इकडे माणूस मातीपाशी वाकतो तो एकाच गोष्टीसाठी. इथल्या पोरांनाही ते ठाऊक असतं.

पण थांबलेल्याला सोडून या रस्त्यावर कुणी पुढे जात नाही. सख्खा वैरी असला तरी नाही. प्रोकोपीने शिव्या घालत खाली उडी मारली, सायकल मागे पिठाच्या पोत्यांवर टाकली आणि म्हाताऱ्याला उचलून सीटमागच्या फळीवर निजवलं. अंग तव्यासारखं तापलेलं. तरी त्याचा एक हात पोटाशी धरलेल्या कातडी पिशवीवर घट्ट होता.

"पिशवीला हात नको लावू," तो पुटपुटला आणि त्याची शुद्ध हरपली.

संपलंच. प्रोकोपीने पिशवी ओढली. केवढी जड! बंद सोडला तर आत ओलसर, काळंभोर काहीतरी. इथल्या खाणींतलं सोनं धुण्याआधी असंच काळ्या वाळूत दडलेलं असतं. त्याने घाईघाईने बंद आवळला, जणू आत सापच दिसला.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि प्रोकोपीचं तोंड चांगलंच पोळलं होतं. असाच एक गोडबोल्या त्याने एकदा गाडीत घेतला होता. नाक्यावर त्याच्या थर्मासमध्ये खाणीतलं चोरीचं सोनं निघालं. तो गोडबोल्या म्हणाला, थर्मास ड्रायव्हरचा आहे. प्रोकोपी तीन वर्षं आत बसून आला. ट्रक गेला, बायको माहेरी गेली. आता कुठे दोन्ही परत आली होती.

म्हाताऱ्याला उतरवावं, तर मरेल. पिशवीसकट न्यावं, तर आपण मेलो. पिशवी इथेच टाकावी, तर शुद्धीवर आल्यावर हा तिच्यासाठी परत येणार आणि पकडला गेला की तोंड उघडणार. आणि एका जागी ढीग दिसला की पोलिसांना टायरचा माग काढायला किती वेळ लागतो?

पहिल्याच वळणावर खिंड आली. खिंडीच्या देवाला भाकरीचा तुकडा दिल्याशिवाय कुणी ती ओलांडत नाही. प्रोकोपीने खिडकीतून तुकडा टाकला आणि त्याच हाताने, हातमोजा न काढता, पिशवीतली पहिली मूठ भिरकावली. मग दुसरी. एक हात स्टिअरिंगवर, एक हात खिडकीबाहेर. वळण आलं की मूठ, वळण आलं की मूठ. डोळे रस्त्यावर, मुठीत काय आहे ते बघायची त्याची छाती नव्हती. नाक्याचा दिवा दिसला तेव्हा पिशवी रिकामी झाली होती आणि त्याचा खांदा भरून आला होता.

पोलिसांनी सीटा उचकटल्या, पोत्यांत सळया खुपसल्या, रिकामी पिशवी झटकून पाहिली. "हा कोण?"

"आजारी आहे. वाटेत पडला होता."

"जा मग. दवाखान्यात ने."

नाका मागे पडला. प्रोकोपीने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात मागून हात आला आणि पिशवी चाचपू लागला.

"यातलं कुठे गेलं?"

"फेकलं!" प्रोकोपी ओरडला. "तुझ्या सोन्यापायी पुन्हा तुरुंगात जाऊ? ज्याने तुला उचललं त्याच्याच गळ्यात फास?"

"सोनं?" म्हातारा उठून बसला. "अरे, माती होती ती. ताम्बोवची, आमच्या मुलखातल्या शेतातली."

प्रोकोपीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"माझ्या आजोबांना कैदी करून इकडे आणलं होतं," म्हातारा म्हणाला. "याच रस्त्याचं काम करताना गेले ते. जे मेले त्यांना रस्त्यातच पुरलं, हे तुला मी काय सांगणार? कुठे पुरलं ते कागदात नाही, कुणाला ठाऊक नाही. म्हणून सायकल काढली. प्रत्येक वळणावर मूठभर घालत आलो. घरची माती मिळावी, एवढंच."

ट्रक थांबला होता. काचेवरचं बर्फ पुसणारी पाती उगाच इकडून तिकडे फिरत होती. प्रोकोपीला त्याच्याकडे बघवेना. त्याने हातमोजा काढला. शिवणीत काळी माती अडकली होती.

"कुठे फेकलीस?" म्हाताऱ्याने हलकेच विचारलं.

"रस्त्यावर. खिंडीपासून नाक्यापर्यंत." प्रोकोपीने बोटाने मागचा रस्ता दाखवला. "एका जागी नाही. वळणावळणाला, मूठ मूठ."

म्हाताऱ्याने पुढे वाकून प्रोकोपीच्या खांद्यावर हात ठेवला.

"एखादं वळण सुटलं तर नाही ना?"

"भ्यालो होतो, काका," प्रोकोपी म्हणाला. "एकही नाही सुटलं."