गाडी मागे घेताना

भोगव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात निर्मला कॅम्परव्हॅन मागे घेत होती. लेकीने मागच्या बाजूला कॅमेरा बसवून दिला होता, तरी तिचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

सात वर्षं ती आणि नवरा या गाडीतून कोकणभर फिरले. चालवायची ती, मागे उभा राहून पत्र्यावर थाप द्यायचा श्रीरंग. एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे बस. पावसाळ्यात तो गेला. तेव्हापासून गाडी मागे घ्यावी लागणार नाही, अशाच जागी ती मुक्काम करायची. आज तशी जागाच नव्हती.

शहाळी विकणारा म्हातारा तिची धडपड बघून आपणहून मागे गेला. “येवंदे, येवंदे.” तापल्या पत्र्यावर थाप पडली. तिने ब्रेक सोडला. गाडी अलगद मागे सरकली आणि मग लागोपाठ दोन थापा पडल्या.

ती तशीच बसून राहिली. म्हातारा खिडकीशी आला. “बरोबर लागली हा, बाय. आता बंद करा.”

“नाही, जरा वाकडी वाटतेय,” ती म्हणाली आणि डोळे न पुसताच सरळ लागलेली गाडी तिने पुन्हा पुढे घेतली.